ज्याच्यापाशी हकीम नाही

आमच्या लहानपणी घरात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. दादीअम्मांशिवाय त्याला कोणी हात लावत नसे. त्यात ज्येष्ठमधाच्या कांड्या, ओवा, सुंठ, बडीशेप, कलौंजी, इसबगोल, हिरडा, उन्नाबची वाळकी बोरे, तुरटीचा खडा आणि धुवट साडीच्या चिंध्यांची एक गुंडाळी असे. पोट दुखले, कान ठणकला, गुडघा फुटला की आधी हा डबा उघडायचा. डॉक्टर तालुक्याच्या गावी, एस.टी. दिवसातून दोन वेळा आणि फीचे पैसे हाताशी असतीलच याचा नेम नाही. त्यामुळे 'दवाखान्यात नेऊ या' हे वाक्य आमच्या घरात फार उशिरा उच्चारले जाई. ते कानावर पडले की आजारी माणूसही घाबरत असे.

डबा भरला जाई तो आठवडी बाजारातल्या अत्तारांच्या दुकानावर. 'अत्तार' म्हणजे सुगंध विकणारा. पण अरब आणि इराणी शहरांतला अत्तार सुगंधाबरोबर औषधी मुळ्या, बिया, फुले आणि अर्कही विकत असे. आपल्याकडच्या अत्तार घराण्यांनी हीच रीत पुढे चालवली. त्यांच्या दुकानात एका कप्प्यात बुक्का, अष्टगंध, उदबत्ती आणि दुसऱ्या कप्प्यात काष्ठौषधी. गावातल्या देवळात जाणारी माणसे आणि मशिदीत जाणारी माणसे एकाच फळीसमोर उभी राहत. मराठी भाषेनेही या व्यवहाराची नोंद ठेवली आहे. आपण जखमेला लावतो तो 'मलम' हा मूळचा 'मरहम'. 'सरबत' हे मूळचे औषधी पेय. 'जुलाब' हा शब्द 'गुलाब'पासून, म्हणजे गुलाबपाण्यापासून आला. आणि 'हजाम' हा मुळात केस कापणारा नव्हे. अरबीत 'हज्जाम' म्हणजे हिजामा करणारा, तुंबडी लावून रक्त काढणारा. वस्तऱ्याचे हे मूळ काम मागे पडले आणि शब्दात फक्त दाढी-डोई उरली.

या साऱ्याला मराठीत 'आजीबाईचा बटवा' म्हणतात. या नावामुळे एक गैरसमज होतो. हे ज्ञान फक्त म्हाताऱ्या बायांच्या तोंडी होते, शिकलेल्या हकिमांचा त्याच्याशी संबंध नव्हता, किंबहुना ते हकिमांच्या विरोधातले ज्ञान होते, असे आपण धरून चालतो. इतिहास तसा नाही. डॉक्टरविना उपचार कसे करावेत, हे लिहून ठेवण्याचे काम आपल्या परंपरेतल्या सर्वांत मोठ्या वैद्यांनी स्वतः केले आहे.

रय शहरातला ग्रंथ

आजच्या तेहरानला लागून रय नावाचे प्राचीन शहर आहे. तेथे सुमारे इ. स. ८६५ मध्ये अबू बक्र मुहम्मद बिन झकरिया अल-राझी यांचा जन्म झाला. रय आणि बगदाद येथील रुग्णालयांचे ते प्रमुख होते. देवी आणि गोवर हे दोन आजार एकमेकांपासून कसे ओळखावेत, यावरचा त्यांचा ग्रंथ पुढे युरोपातही शेकडो वर्षे वाचला गेला. राजदरबारात मान, हाताखाली शिष्य, भोवती रुग्णांची गर्दी, असा हा माणूस. त्याने एक लहानसे पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले, 'मन ला यहजुरुहुत्तबीब'. अर्थ असा की, ज्याच्यापाशी तबीब हजर नाही, त्याच्यासाठी. यातला 'यहजुर' हा आपल्या मराठी 'हजर'चाच भाऊबंद आहे. या पुस्तकाला 'तिब्बुल फुकरा', म्हणजे गरिबांचे वैद्यक, असेही म्हटले जाते.

पुस्तकाची ३६ प्रकरणे आहेत. डोकेदुखी, सर्दी, खोकला, मनाची उदासी, डोळ्यांचे, कानांचे आणि पोटाचे विकार असे रोजचे आजार त्यात आहेत. राझींनी यासाठी निवडलेली औषधे अत्ताराच्या दुकानात, बाजारात, भरल्या स्वयंपाकघरात किंवा लष्कराच्या छावणीत मिळतील अशी आहेत. वाचक कोण, हेही त्यांनी मनाशी ठरवले होते. गरीब, प्रवासी आणि साधा नागरिक. ताप चढून डोके दुखत असेल तर दोन भाग गुलाबाचे तेल आणि एक भाग सिरका एकत्र करून त्यात कापड भिजवावे आणि कपाळावर ठेवावे, असा त्यांचा एक उपाय आहे. आमच्या घरी गुलाबाचे तेल परवडत नसे. पण सिरक्याच्या पाण्याची पट्टी कपाळावर ठेवून दादीअम्मा रात्र रात्र जागत. त्यांनी राझींचे नावही ऐकले नव्हते.

मात्र याच ग्रंथातले डोळ्यांचे एक औषध वाचून आज अंगावर काटा येतो. बोळ, केशर आणि लोबान प्रत्येकी दोन दिरहम, त्यात एक दिरहम पिवळा हरताळ. त्याच्या वड्या करायच्या आणि कोथिंबिरीच्या पाण्यात विरघळवून डोळ्यात घालायच्या. हरताळ म्हणजे सोमलाचे संयुग, उघड विष. दहाव्या शतकातल्या उत्तम वैद्याला जे ठाऊक नव्हते ते आज शाळकरी मुलाला ठाऊक असते. तेव्हा थोरांचा ग्रंथ आहे म्हणून त्यातला प्रत्येक नुस्खा आजही चालेल, असे मानणे हा त्या थोरांचाही सन्मान नाही. राझींनी स्वतः जालीनूस म्हणजे गॅलेन या ग्रीक वैद्याविषयी 'शंका' नावाचाच ग्रंथ लिहिला होता. गुरूच्या चुका दाखवणे त्यांना गैर वाटले नाही.

राझींच्या नावावर आणखी एक लेखन आहे. लोक चांगल्या वैद्याला सोडून भोंदूच्या मागे का लागतात, हा त्याचा विषय. म्हणजे घरच्या उपचाराचे पुस्तक लिहिणाऱ्याच माणसाने भोंदूंचा प्रश्नही विचारात घेतला होता. डॉक्टर नाही म्हणून स्वतः काहीतरी करणे ही एक गोष्ट आणि डॉक्टर आहे पण त्याला टाळून कोणाच्याही हाती जीव देणे ही दुसरी गोष्ट, हा फरक त्यांना दिसत होता.

त्याच दहाव्या शतकात ट्युनिसियातील कैरवान शहरी इब्न अल-जज्जार नावाचे वैद्य होऊन गेले. त्यांचा 'जादुल मुसाफिर', म्हणजे प्रवाशाची शिदोरी, हा ग्रंथ लॅटिनमध्ये गेला आणि युरोपात शिकवला गेला. पण मोठ्या ग्रंथातली औषधे गोरगरिबांना परवडत नाहीत, हे त्यांच्या ध्यानात आले. म्हणून त्यांनी स्वस्त आणि सहज मिळणाऱ्या औषधांचे वेगळे पुस्तक लिहिले. त्याचे नाव 'तिब्बुल फुकरा वल मसाकीन'. त्यांच्या घराच्या ओसरीवर त्यांचा सेवक रशीक औषधे घेऊन बसत असे. रुग्णाला तपासायचे हकिमांनी आणि औषध द्यायचे रशीकने. रुग्णाच्या हातून स्वतः पैसे घ्यावे लागू नयेत, यासाठी ही योजना होती, असे सांगतात.

राझींच्या पुस्तकाचे नाव लोकांच्या मनात किती रुजले होते, याचा एक पुरावा वैद्यकाच्या बाहेर सापडतो. शिया पंथाच्या हदीसच्या चार प्रमुख ग्रंथांपैकी एकाचे नाव 'मन ला यहजुरुहुल फकीह' असे आहे. ज्याच्यापाशी फकीह, म्हणजे धर्मशास्त्राचा जाणकार, हजर नाही त्याच्यासाठी. इ. स. ९९१ मध्ये निधन पावलेले इब्न बाबवैह त्याचे कर्ते. राझींच्या पुस्तकासारखे धर्माच्या विषयात लिहा, अशी विनंती आपल्याला करण्यात आली, असे त्यांनी नमूद केले आहे. जाणकार दूर असला तरी सामान्य माणूस निराधार राहू नये, ही कल्पना त्या काळाला इतकी पटली होती.

राख आणि तबीब

या कल्पनेचे मूळ आणखी मागे जाते. हिजरी सन ३, इ. स. ६२५. उहुदच्या लढाईत प्रेषित मुहम्मद (स.) जखमी झाले. हजरत अली (र.) ढालीतून पाणी ओतत होते आणि हजरत फातिमा (र.) जखम धूत होत्या. पाण्याने रक्त थांबत नाही, उलट वाढते आहे, हे पाहून हजरत फातिमांनी चटईचा तुकडा जाळला आणि त्याची राख जखमेत भरली. रक्त थांबले. बुखारीच्या संग्रहात ही हकीकत आहे. रणांगणावर जे हाताशी होते त्याने मुलीने बापाची जखम बांधली.

हीच परंपरा दुसरी हकीकतही सांगते. सअद बिन अबी वक्कास (र.) आजारी पडले, तेव्हा प्रेषितांनी (स.) त्यांना हारिस बिन कलदाकडे जायला सांगितले. कारण तो वैद्यकी जाणणारा माणूस होता. अबू दाऊद यांच्या संग्रहात हे आले आहे. त्याच संग्रहात असाही दंडक आहे की, वैद्यकी येत नसताना जो उपचार करील, तो होणाऱ्या नुकसानीला जबाबदार राहील. फिकहमध्ये यावर पुढे बरीच चर्चा झाली.

आम्हाला वाटते, या तिन्ही गोष्टी एकत्र वाचल्या पाहिजेत. आपण बहुधा पहिलीच सांगतो. आणि ती सांगताना हे विसरतो की, उहुदवर दुसरा इलाज नव्हता. आज जखमेत राख भरली तर धनुर्वाताचा धोका असतो. बाळाच्या नाळेला राख किंवा शेण लावण्याच्या चालीने या देशात, सर्व धर्मांच्या घरांत, असंख्य तान्ही मुले गेली. गरोदर बाईला लस आणि नाळेला स्वच्छ पाते या दोन साध्या गोष्टींनी ते थांबले. २०१५ साली भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले.

दख्खनमध्ये

आपल्या दख्खनमध्ये रुग्णालय आणि घरचा बटवा दोन्ही होते. बहमनी सुलतान दुसरा अलाउद्दीन अहमद (कारकीर्द १४३६ ते १४५८) याने बीदरला रुग्णालय बांधले, त्याच्या खर्चासाठी गावे लावून दिली आणि तेथे मुसलमान हकीम व हिंदू वैद्य दोघेही नेमले. हे आपल्याला फरिश्ता सांगतो. इतिहासकार म्हणून प्रसिद्ध असलेला हा मुहम्मद कासिम फरिश्ता निजामशाहीच्या अहमदनगरात, म्हणजे आजच्या अहिल्यानगरात, वाढला आणि १५८९ मध्ये विजापूरला गेला. त्याने वैद्यकावरही एक ग्रंथ लिहिला. 'दस्तूरुल अतिब्बा' हे त्याचे नाव. भारतीय वैद्यक फारसी वाचणाऱ्यांना समजावून देणारा हा ग्रंथ आहे. त्याच्या आधी, १५१२ मध्ये, उत्तरेत सिकंदर लोदीच्या दरबारी 'मादनुश्शिफा' हा असाच ग्रंथ सिद्ध झाला होता. युनानी औषधांची नावे येथे लोकांना कळत नाहीत आणि ती औषधे येथल्या हवेला मानवतही नाहीत, असे त्याच्या कर्त्याचे कारण होते. आमच्या दादीअम्मांच्या डब्यात उन्नाब आणि हिरडा शेजारी शेजारी कसे आले, याचे उत्तर या ग्रंथांत आहे.

विसाव्या शतकाच्या आरंभी मौलाना अशरफ अली थानवी यांचे 'बहिश्ती जेवर' आले. मुलीच्या रुखवतात हे पुस्तक देण्याची चाल पुढे घरोघर पडली. त्याचा नववा भाग आरोग्य आणि घरगुती औषधे यांवर आहे. उर्दू वाचता येणाऱ्या बाईच्या हाती छापील बटवा आला तो असा.

डॉक्टरची भीती

इथवर डॉक्टर 'हजर नाही' म्हणून घरी उपचार होत होते. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि नवीनच गोष्ट घडली. डॉक्टर दाराशी हजर होता आणि लोक त्याच्यापासून रुग्ण लपवत होते. १८९७ च्या साथरोग कायद्याने सरकारी पथकांना घरात शिरण्याचा, रुग्ण उचलून नेण्याचा अधिकार दिला. पडदानशीन बायकांना परक्या पुरुषांनी तपासणे, मयत ताब्यात न मिळणे, सामान जाळले जाणे, या भीतीने माणसे माळ्यावर, कपाटामागे दडवली गेली. पुण्यात याच संतापातून जून १८९७ मध्ये रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. मुंबईत ९ मार्च १८९८ रोजी मदनपुऱ्याच्या बाजूला मोमीन विणकरांच्या वस्तीत पथक रुग्ण न्यायला आले आणि दंगल पेटली. लोकांचा राग औषधावर नव्हता. आपल्या माणसाची अब्रू आणि आपल्या मयताची माती कोणाच्या हाती जाईल, याचा तो राग होता. पुढे सरकारने नियम सैल केले आणि निरनिराळ्या जमातींनी आपापली प्लेग रुग्णालये उभारली, तेव्हा लोक तेथे जाऊ लागले.

याच काळात हाफकिन यांनी मुंबईत प्लेगची लस तयार केली. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी ती आधी स्वतःला टोचून घेतली. तरुण आगाखानांनी आपल्या अनुयायांसमोर लस टोचून घेतली, कारण लोक लसीला भीत होते आणि उपदेशाने ती भीती जात नव्हती.

सव्वाशे वर्षांनी, २०२० मध्ये, करोना आला तेव्हा १८९७ चाच कायदा पुन्हा वापरला गेला. पुन्हा ताप लपवले गेले, पुन्हा काढे उकळले. मालेगावचा मन्सूरा काढा तर गावोगाव गेला. काढ्याने घशाला आराम पडला असेल, धीरही मिळाला असेल. पण काढ्याने करोना बरा होतो, असे सिद्ध झालेले नाही. आणि काढ्याच्या भरवशावर धाप लागेपर्यंत घरी थांबलेली काही माणसे आपण सर्वांनी आपल्या ओळखीत गमावली आहेत.

आमच्या घरची गोष्ट

दुसऱ्याकडे बोट दाखवण्याआधी आमच्याच घरची गोष्ट सांगतो. १९८९ च्या पावसाळ्यात आमच्या थोरल्या चाचांच्या पायात बाभळीचा काटा मोडला. त्यांना मधुमेह होता. दादीअम्मांनी काटा काढला, कढवलेल्या तेलात हळद घालून चटका दिला, चिंधी बांधली. चार दिवसांनी पाऊल सुजले. मग कोळशाची राख, मग शेजारून आलेला कसला तरी काळा मलम. कोणीतरी दवाखान्याचे नाव काढले. चाचा म्हणाले, "दरदच नै है, तो डाक्टर कू कायकू?" दुखत नाही म्हटल्यावर आम्ही सगळे निर्धास्त झालो. आधीच्या वर्षी एका दवाखान्याच्या बिलापायी म्हैस विकली होती, तेही मनात होते. अकराव्या दिवशी ताप भरला. जिल्ह्याच्या ठिकाणी नेले तेव्हा गुडघ्याखालून पाय काढावा लागला.

पुढे कळले की मधुमेहात पायाच्या नसा बधिर होतात. दुखत नव्हते, हीच धोक्याची खूण होती. आम्ही तिला बरे होण्याची खूण समजलो. हळदीने पाय गेला, असे आम्ही म्हणणार नाही. अकरा दिवसांनी गेला. आणि त्या अकरा दिवसांत घरात आम्हीही होतो, चार इयत्ता शिकलेले होतो.

थांबायचे कुठे

घरचा उपचार आणि डॉक्टर यांचा मेळ कसा बसतो, याचे एक उदाहरण आमच्या हयातीतले आहे. १९७१ मध्ये पूर्व पाकिस्तानातून निर्वासितांचे लोंढे पश्चिम बंगालमध्ये आले. बनगाव येथील छावणीत पटकी पसरली. शिरेतून द्यायचे सलाईन संपत आले, तेव्हा डॉ. दिलीप महालनाबीस यांनी मीठ-साखरेचे पाणी पिंपांत भरून ठेवले आणि ते नातेवाइकांनीच रुग्णांना पाजावे असे ठरवले. शंभरात तीसच्या घरात मरत होते, तेथे मृत्यूचे प्रमाण चाराच्या आत आले. पुढे स्वतंत्र बांगलादेशात 'ब्रॅक' या संस्थेच्या बायका घरोघर गेल्या. तीन बोटांची चिमूट मीठ, मूठभर गूळ आणि अर्धा शेर पाणी. १९८० ते १९९० या काळात सुमारे १ कोटी २० लाख घरांतल्या आयांना हे शिकवले गेले. शिकवणाऱ्या बाईचा पगार त्या आईच्या किती लक्षात राहिले, यावर ठरत असे. आपल्या गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी गावातल्याच बायकांना तान्ह्या बाळांची देखभाल आणि उपचार शिकवले. त्या गावांतले नवजात बालकांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले.

राझींचे पुस्तक हजार वर्षांनी पुन्हा लिहिले गेले ते असे. जाणकाराने आपले ज्ञान स्वयंपाकघरात मिळणाऱ्या वस्तूंत उतरवले आणि ज्याच्यापाशी हकीम नाही त्याच्या हाती दिले. त्याबरोबर हद्दही शिकवली. बाळ पीत नसेल, सुस्त पडले असेल, शौचात रक्त असेल, तर घरी थांबायचे नाही. आपण नुस्खे जपले आणि हद्द हरवली. मोबाइलवर रोज पाच नुस्खे येतात. कुठे थांबायचे, हे त्यांत लिहिलेले नसते.

आज बहुतेकांपासून डॉक्टर अकरा दिवसांच्या अंतरावर नाही. पण पैसा, रांग, बोलीची अडचण, बुरख्याकडे पाहण्याची नजर, या कारणांनी तो अजूनही पुष्कळांपाशी 'हजर' नाही. ही कारणे दूर करणे समाजाचे आणि सरकारचे काम आहे आणि ते मागत राहिले पाहिजे. घरात मात्र आपल्यापाशी दादीअम्मांचा डबा आहे. त्यात थर्मामीटर, मीठ-साखरेची पुडी, स्वच्छ पट्टी ठेवायला हरकत नाही. आणि झाकणाच्या आतल्या बाजूला, कोणत्या खुणा दिसल्या की डबा मिटून निघायचे, ते चार ओळींत लिहून चिकटवावे.

चाचांच्या नंतर दादीअम्मा नऊ वर्षे होत्या. डबा त्यांनी टाकला नाही. पण कोणी जखम दाखवायला आले की हात लावण्याआधी त्या विचारायच्या, "दुखता क्या रे?" दुखते म्हटले की हळद काढायच्या. नाही म्हटले की डबा बाजूला सारून आधी एस.टी.ची वेळ विचारायच्या.